मृतांची पाठराखण

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा काळ आपल्या देशात राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा म्हणून पाळला जातो. शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात, भिंतींवर फलक लागतात, संकल्पपत्रावर सही करणाऱ्या मंत्र्यांची छायाचित्रे छापून येतात, आणि ९ सप्टेंबरला सारे पूर्ववत होते. संकल्प सोडण्यात आपला समाज पहिल्यापासून तरबेज आहे. परंतु संकल्प आणि प्रत्यक्ष दान यांच्यामध्ये एक मृत्यू असतो, एक शोकाकुल घर असते आणि अवघे सहा तास असतात, याची दखल या समारंभांत क्वचितच घेतली जाते. मला येथे त्या सहा तासांविषयी लिहावयाचे आहे; आणि नेत्रदानाहूनही अधिक उपेक्षित राहिलेल्या त्वचादानाविषयी लिहावयाचे आहे. यंत्रमागांच्या या भिवंडीत त्याची गरज मोठी आहे आणि माहिती अत्यल्प आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव मृताकडून घ्यावयाचे, तर बहुधा त्याचा मेंदू मृत झालेला परंतु रक्ताभिसरण यंत्राच्या साह्याने चालू ठेवलेले, अशी अवस्था लागते. म्हणजे माणूस अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचलेला असावा लागतो. डोळ्याचे पारपटल, त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा या ऊतींचे तसे नाही. हृदय थांबल्यानंतरही काही तास त्या उपयोगी राहतात. घरच्या खाटेवर, चाळीतल्या खोलीत, झोपडीत प्राण सोडलेला माणूसही ऊतीदाता होऊ शकतो. ज्याला जिवंतपणी अतिदक्षता विभाग परवडला नाही, त्यालाही हे दान परवडते. १९९४ साली संसदेने संमत केलेला कायदा नावाने केवळ मानवी अवयवांचा होता. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ‘ऊती’ हा शब्द आला आणि ती दुरुस्ती २०१४ साली अमलात आली. सामान्य माणसाला शक्य असलेल्या दानाला कायद्याच्या शीर्षकात जागा मिळण्यास इतकी वर्षे लागली, हेही आपल्या व्यवस्थेच्या दृष्टीचे एक गमकच म्हणावे लागेल.

भाजणे हा दारिद्र्याचा रोग

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसे भाजून मरतात, आणि त्यांतील बहुसंख्य अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात, असे हीच संघटना सांगते. हे आकडे वाचताना भिवंडीकराला कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही. सायझिंगचा बॉयलर, डाईंगमधील उकळता हौद, कापडाच्या गठ्ठ्यांनी आणि रसायनांच्या पिंपांनी कोंदलेली गोदामे, दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीवर ठेवलेली शेगडी आणि तिच्याभोवती वावरणाऱ्या बायकामुले, हे या शहराचे नित्याचे दृश्य आहे. घराघरांतून ‘स्टोव्हचा भडका उडाला’ अशा एका ओळीत ज्यांची नोंद झाली, त्या सुनांची तर गोष्टच वेगळी. १९८३ साली छळाविरुद्ध आणि १९८६ साली हुंडाबळीविरुद्ध दंडसंहितेत कलमे आली, ती स्त्री-संघटनांनी रस्त्यावर उतरून मिळविलेली होती. परंतु कलम लागते ते गुन्हेगाराला. भाजलेल्या बाईच्या अंगावर ते घालता येत नाही.

तिच्या अंगावर घालावी लागते ती त्वचा. खोल भाजलेल्या देहातून पाणी व प्रथिने झिरपत राहतात आणि उघड्या जखमांतून जंतू आत शिरतात. थोडे भाजले असेल तर रुग्णाच्याच मांडीची त्वचा काढून जखमेवर लावता येते. निम्म्याहून अधिक अंग भाजले असेल तर काढावी कोठून? अशा वेळी मृताची त्वचा तात्पुरते आवरण म्हणून लावतात. वेदना कमी होतात, पाझर थांबतो, जंतूंना अटकाव होतो.

हे दान किती सोपे आहे, तेही सांगितले पाहिजे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरील त्वचेचा फक्त वरचा पातळ पापुद्रा घेतात. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला व छातीला हात लावीत नाहीत, जागेवर पट्टी बांधून देह परत देतात. काम पाऊण तासात आटोपते. अठरा वर्षांवरील कोणीही देऊ शकतो. वार्धक्याची आडकाठी नाही, मधुमेह वा रक्तदाबाची नाही. एड्सचे विषाणू, काविळीचे ब व क प्रकार, रक्तातील जंतुदोष, त्वचेचा कर्करोग अथवा संसर्ग असल्यास मात्र त्वचा घेत नाहीत. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये जतन केलेली त्वचा शीतपेटीत पाच वर्षांपर्यंत टिकते. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने त्वचापेढी उभी राहिली, ती महापालिकेच्या रुग्णालयात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही पेढी झाली. त्याही पूर्वी, १९८८ साली, टाटा स्मारक रुग्णालयात ऊतीपेढी सुरू झाली होती. बाळंतपणानंतर वारेबरोबर बाहेर पडणारे, एरवी फेकून दिले जाणारे गर्भावरण तेथे किरणोत्साराने निर्जंतुक करून जखमांवर लावण्यासाठी तयार केले जाते. एखाद्या बाळाच्या जन्माबरोबर आलेले आवरण अनोळखी माणसाच्या जखमेवर पांघरूण म्हणून जाते. विज्ञानाने आपल्या हाती हे इतके साधे आणि इतके मोठे साधन दिले आहे.

एक अनुभव

या विषयाशी माझा संबंध केवळ वाचनाचा नाही. माझी पत्नी येथील प्राथमिक शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिक्षिका होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिच्या वर्गातील एका मुलीची आई भाजली. मुंबईच्या रुग्णालयात ती बाई अकरा दिवस जगली. त्या अकरांपैकी बहुतेक दिवशी शाळा सुटल्यावर पत्नी तिच्याजवळ जाऊन बसत असे. जखमा झाकायला काहीच नव्हते. बाराव्या दिवशी ती मुलगी शाळेत आली, ती पाटी-दप्तर परत करायला. पुढे त्वचादानाविषयी वाचनात आले तेव्हा पत्नीने ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवले, आणि मुलांना व मला बजावून सांगितले की, माझ्या वेळी चर्चा करत बसू नका, दूरध्वनी करा.

चार वर्षांपूर्वी एका पहाटे हृदयविकाराने ती घरीच गेली. तेव्हा तीन वाजले होते. मृत्यूचा दाखला द्यायला त्या वेळी डॉक्टर मिळवणे हेच पहिले दिव्य ठरले. एका रुग्णालयाच्या दूरध्वनीची घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. शेवटी गल्लीतल्या एका तरुण डॉक्टरला मुलाने झोपेतून उठवून आणले आणि पक्षाच्या एका कार्यकर्त्याने त्वचापेढीशी संपर्क साधला. साडेसहाला पेढीची माणसे पावसात भिजत आली. तोवर घर नातलगांनी भरले होते. त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, “म्हणजे वहिनींचे अंग सोलून नेणार का?” प्रश्न कठोर होता, परंतु त्यामागे माया होती. पेढीच्या डॉक्टरबाईंनी त्यांना शांतपणे सारे समजावले. तोपर्यंत शेजारच्या मोमीन घरातील भाभी आतल्या खोलीत तिच्या उशाशी बसून होत्या, त्या एवढेच म्हणाल्या, “टीचरने कहा था, तो होने दो.” पाऊण तासाने दार उघडले. ती तिच्या रोजच्या सुती साडीत होती. चेहरा जसाच्या तसा होता. प्रश्न विचारणारे गृहस्थच खांदा द्यायला पुढे आले.

काही आठवड्यांनी माझ्या नातवाने विचारले, “आजीची त्वचा आता कोणाच्या अंगावर आहे?” मी त्याला खरे तेच सांगितले: आता कोणाच्याही अंगावर नाही.

अमरत्व नाही, मुदत

येथे मला एका लोकप्रिय सांत्वनाविषयी मतभेद नोंदवावयाचा आहे. अवयवदानाच्या प्रचारात ‘मरावे परी अवयवरूपे उरावे’ या धर्तीच्या घोषणा केल्या जातात. आप्तांना वाटते की आपले माणूस कोठेतरी जिवंत आहे, कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहते आहे. दुःखाच्या घरात हा दिलासा मोठा असतो, त्याची मी थट्टा करणार नाही. परंतु त्वचेच्या बाबतीत तो खरा नाही. रुग्णाचे शरीर परकी त्वचा ओळखते आणि साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत ती टाकून देते. तोवर रुग्णाची स्वतःची त्वचा खालून धरू लागते, किंवा त्याच्या अंगावरील शाबूत जागेतून पुन्हा त्वचा काढण्याइतकी ताकद त्याला येते. मृताने दिलेली त्वचा आपले काम करते आणि गळून पडते. तिची खूणही मागे राहत नाही.

मला वाटते, या दानाचे सारे मोठेपण यातच आहे. भिवंडीत भिशी म्हणजे यंत्रमाग कामगारांची खानावळ. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले एकटे पुरुष तेथे महिनेवारीने जेवतात आणि अनेक ठिकाणी ती चालवणारी एखादी बाईच असते. माग बंद पडले, मजुरी थकली, तरी भिशीवाली कामगाराला आल्यापावली परत पाठवीत नाही; काम पुन्हा सुरू होईपर्यंत उधारीवर वाढते. नंतर तो माणूस गावी जातो, दुसऱ्या शहरात जातो, तिला विसरतोही. संपाच्या काळात उभारलेला निधी, महापुरात शेजाऱ्याने दिलेला आसरा, हे सारे याच जातीचे असते. कोणी कोणाला जन्मभर पोसत नाही. माणूस स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत त्याला कोसळू न देणे, याला आपण बंधुभाव म्हणतो. समाजवादाच्या जाडजूड ग्रंथांतून मी जे विद्यार्थ्यांना शिकवले, त्यातला गाभ्याचा भाग हाच होता. मृत माणसाची त्वचा जिवंत माणसाला तीन आठवड्यांची मुदत मिळवून देते. आपले माणूस कोठेतरी जगते आहे, या कल्पनेपेक्षा आपल्या माणसाने कोणाला तरी जगायला वेळ दिला, ही जाणीव मला अधिक टिकाऊ आधार देते. त्यासाठी पुनर्जन्मावर वा चमत्कारावर विश्वास ठेवावा लागत नाही.

आपल्या चळवळीला ही दृष्टी नवी नाही. प्रा. मधू दंडवते यांचे १२ नोव्हेंबर २००५ रोजी निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. ज्योती बसूंनी २००३ साली देहदानाचा संकल्प केला होता; जानेवारी २०१० मध्ये त्यांचे डोळे व देह दोन्ही दिले गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचीही देहदानाची इच्छा होती. परंतु २० ऑगस्ट २०१३ रोजी मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या, शवविच्छेदन करावे लागले आणि ती इच्छा अपुरी राहिली. मारेकऱ्यांनी ते दानही हिरावून घेतले. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९५८ पासून नेत्रदानाची मोहीम चालवली. १९६० साली त्यांच्या आईचे निधन झाले, तेव्हा तिचेच पारपटल त्यांनी एका गरीब शेतकऱ्याच्या डोळ्यात बसवले. पुढच्याच वर्षी नेत्रदान संस्था उभी राहिली, आणि त्या लहान देशातून पाकिस्तानसह कितीतरी देशांत पारपटले गेली. स्वतःच्या घरातील मृत्यूचा प्रसंग त्यांनी सार्वजनिक कार्याच्या कामी लावला. स्मृतिदिनाला फोटोला हार घालण्यापेक्षा ही स्मृती वेगळ्या कोटीतील आहे.

स्पर्शाचे इंद्रिय

त्वचेच्या दानाला आपल्या देशात आणखी एक अर्थ आहे. त्वचा हे स्पर्शाचे इंद्रिय आहे, आणि आपला समाज हा माणसांची प्रतवारी स्पर्शावरून करणारा समाज आहे. महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. ज्याची सावली अंगावर पडली तरी विटाळ मानला जाई, त्याच्या वंशजाची त्वचा आज कोणाच्याही उघड्या जखमेवर लागू शकते, आणि लागते. पेढीतील बाटलीवर क्रमांक असतो, जात नसते. दाता कोण हे रुग्णाला कळत नाही, रुग्ण कोण हे दात्याच्या घरच्यांना कळत नाही. जातिभेदावर इतकी नेमकी तोड मला अन्य कोठे आढळलेली नाही.

आणि भिवंडीने तर याहून भयंकर पाहिले आहे. मे १९७० च्या दंगलीत, ज्यांची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली, आणि पुन्हा मे १९८४ च्या दंगलीत या शहरात माणसे जाळली गेली, धर्म विचारून जाळली गेली. त्याच शहरात एका धर्माच्या मृताची त्वचा दुसऱ्या धर्माच्या भाजलेल्याला वाचवू शकते, ही गोष्ट व्याख्यानातून सांगण्याची नाही, घडवून दाखवण्याची आहे.

श्रद्धांचा प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. डोळे दिले तर पुढल्या जन्मी आंधळे जन्मावे लागते, ही समजूत हिंदूंमध्ये अजून आहे. मुसलमानांमध्ये देहाची विटंबना होते काय, दफनाला उशीर होतो काय, अशा शंका आहेत. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या फिक्ह अकादमीने १९८८ च्या जेद्दा अधिवेशनात काही अटींवर प्रत्यारोपणाला मान्यता दिली. उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते राहतील. कोणावरही दडपण आणू नये, कोणाच्या नकाराला मागासलेपणाचे लेबल लावू नये. परंतु पाऊण तासाने दफन अडत नाही आणि पट्टी बांधलेल्या देहाची विटंबना होत नाही, एवढी वस्तुस्थिती तरी प्रत्येकाला माहीत असली पाहिजे. दधीचीची कथा प्रचारात फार वापरली जाते. दधीचीच्या हाडांचे वज्र झाले, शस्त्र झाले. आपल्याला हवी आहे ती मलमपट्टी. तेव्हा कथेचा मोह आवरून साध्या माणसांची उदाहरणे सांगितलेली बरी.

दान आणि बाजार

अर्थशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य घालवल्यामुळे एका प्रश्नापाशी मला थांबणे भाग आहे. टंचाई आहे तर मग किंमत का देऊ नये? मृताच्या वारसांना काही रक्कम दिली तर त्वचा भरपूर मिळेल, असे सांगणारे अर्थशास्त्री आहेत. या वादाचा पाया रिचर्ड टिटमस या ब्रिटिश प्राध्यापकाने १९७० साली रक्तदानावरील आपल्या ग्रंथात घातला. ब्रिटनमधील निःशुल्क रक्तदान आणि अमेरिकेतील विकत घेतलेले रक्त यांची तुलना करून त्याने दाखवले की, विकाऊ रक्त अधिक दूषित असते, कारण पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो. आणि बाजार आला की देण्याची प्रेरणाच आटते. केनेथ ॲरो यांच्यासारख्या थोर अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली त्यावर आक्षेप घेतला: विकण्याची मुभा दिल्याने देणाऱ्याचे देण्याचे स्वातंत्र्य कमी कसे होते? तर्कशास्त्राच्या दृष्टीने आक्षेप बिनतोड आहे. परंतु ज्या गोष्टीला भाव लागतो ती फुकट देणारा बावळट ठरतो, हे कोणत्याही बाजारपेठेत उभे राहून पाहता येते.

बाजार मोकाट सुटला की काय होते, त्याचे उदाहरण अमेरिकेतच घडले. ब्रिटिश आकाशवाणीवरून अमेरिकेची पत्रे वाचणारे विख्यात पत्रकार अलिस्टर कुक मार्च २००४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी कर्करोगाने वारले. त्यांच्या मृतदेहातील हाडे कुटुंबाच्या संमतीवाचून काढून, वय व आजार यांच्या खोट्या नोंदी करून विकण्यात आली होती, असे पुढे उघडकीस आले. अशी कितीतरी प्रेते एका टोळीने लुटली होती. आपल्याकडे मृतांपर्यंतही जावे लागत नाही. २०२५ साली तामिळनाडूतील नामक्कल जिल्ह्यात, पल्लिपालयम येथे, कर्जात बुडालेल्या यंत्रमाग कामगारांना गाठून दलालांनी त्यांची मूत्रपिंडे विकायला लावल्याचे प्रकरण गाजले. मागाचा खडखडाट तोच, मजुरी तीच, सावकार तोच. ते पल्लिपालयमला घडले, भिवंडीला घडणारच नाही, अशी हमी कोण देईल?

म्हणून ऊतींच्या विक्रीला कायद्याने बंदी आहे, एक ते तीन वर्षांच्या कारावासाची व पाच ते पंचवीस लाख रुपये दंडाची शिक्षा आहे, ते योग्यच आहे. रक्ताच्या बाबतीत १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदान बंद झाले. आकाश कोसळले नाही. परंतु बंदी हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. फुकट मिळालेल्या वस्तूवर प्रक्रियेचा खर्च, जतनाचा खर्च, शस्त्रक्रियेचा खर्च चढत जातो, आणि झोपडीतून आलेले दान पंचतारांकित खोलीतच पोहोचण्याचा धोका राहतो. प्रक्रियेला खर्च येतो हे मान्य. तो सरकारने सोसावा, आणि प्रत्येक पेढीने दरवर्षी हिशेब जाहीर करावा: किती घरांतून त्वचा आली, किती रुग्णांना लागली, त्यांतील किती सर्वसाधारण कक्षातील होते. दात्याची नावे गुप्त राहोत, हिशेब गुप्त राहता कामा नये.

दुधाचा धडा

सहा तासांत नासणारी वस्तू गोळा करणे आपल्याला जमणार नाही, ही सबब महाराष्ट्राने तरी सांगू नये. दूधही काही तासांत नासते. तरी खेड्याखेड्यातून दिवसातून दोनदा ते गोळा होते, तपासले जाते, थंड केले जाते आणि शंभर कोसांवर पोहोचते. गोकुळ, वारणा यांनी ते सहकारातून करून दाखवले. तेथे गरज होती आणि संघटना होती. भिवंडीसारख्या सात लाखांवर वस्तीच्या शहरात रोज मृत्यू होतात, आणि जी त्वचा कोणाचा तरी जीव वाचवू शकली असती ती सरणावर वा कबरीत जाते. देणाऱ्यांचे मन लहान आहे असे मी मानत नाही. त्यांना विचारायला वेळेवर कोणी गेलेले नसते.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक जिल्ह्यात एका सार्वजनिक रुग्णालयात त्वचा-संकलन केंद्र असावे. पूर्ण पेढीची सर्वत्र गरज नाही, प्रशिक्षित पथक, वाहन आणि शीतपेटी पुरेशी आहे. शहरी आरोग्य केंद्रांतून रात्रीही मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर उपलब्ध असावा. सहा तासांपैकी निम्मे तास याच कागदापायी वाया जातात. भाजलेल्यांसाठी सुसज्ज कक्ष भिवंडीतच असावा, म्हणजे अंगाची लाही झालेल्या कामगाराला घेऊन ठाणे-मुंबईच्या वाहतूककोंडीत अडकण्याची पाळी येणार नाही. आणि ज्या कारखान्यांतून माणसे भाजतात, तेथील बॉयलर व वीजजोडण्यांची तपासणी कागदावर न राहता प्रत्यक्ष व्हावी. त्वचापेढी हवी म्हणणाऱ्याने प्रथम त्वचा जळू नये यासाठी झगडले पाहिजे, अन्यथा आपण मालकांच्या बेपर्वाईला मृतांच्या देहाचे ठिगळ लावत राहू.

मागण्या शासनाकडे आहेत, काम मात्र आपले आहे. १९८८ नंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची बांधणी केली. दोन्ही धर्मांची साधी माणसे गल्लीगल्लीत एकत्र बसू लागली, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना ही भिवंडी शांत राहिली. मोहल्ल्यात परस्परांच्या घरी जाण्याची वहिवाट हे या शहराचे खरे भांडवल आहे. त्याच वहिवाटेवर हे काम उभे करता येईल. प्रत्येक प्रभागात दोन कार्यकर्ते, एक पुरुष व एक स्त्री, नेमावेत. त्यांच्या वहीत जवळच्या नेत्रपेढीचा व त्वचापेढीचा चालू दूरध्वनी क्रमांक असावा, आणि तो दर महिन्याला लावून पाहिलेला असावा. रात्री येणाऱ्या डॉक्टरचे नाव असावे. संकल्पपत्र भरून घेताना घरातील सर्वांसमोर बोलावे, कारण वेळ येते तेव्हा संकल्प करणारा बोलू शकत नाही; बोलायचे असते ते मागे राहिलेल्यांना. आणि मृत्यूच्या घरी गेल्यावर आग्रह धरू नये, एकदाच, हलक्या आवाजात विचारावे. नकार मिळाला तरी अंत्ययात्रेला शेवटपर्यंत थांबावे.

हे काम गाजावाजाचे नाही. यातून मते मिळणार नाहीत, वृत्तपत्रात नाव येणार नाही, ज्याचा जीव वाचेल तो आभार मानायलाही येणार नाही, कारण त्याला कोणाचे आभार मानायचे हेच ठाऊक नसेल. आपल्या पक्षाने अशी कामे पूर्वी केली आहेत. येत्या प्रभाग बैठकीत हा विषय घ्यावा आणि त्याच दिवशी निदान दोन नावे वहीत लिहून उठावे, अशी माझी भिवंडीतील आणि भिवंडीबाहेरील सर्व साथींना विनंती आहे.